निवडून आलेल्याला सभागृहानंच हाकलून द्यावं का? सीमाभागातल्या लोकांना विचारतोय

वडगावकर
मंडळी, परवा बेळगावच्या खडेबाजारात चहाला थांबलो होतो, चौघं ओळखीचे, विषय निघाला २०२४ च्या लोकसभेचा. काश्मीरात बारामुल्लातून इंजिनिअर रशीद आणि पंजाबात खडूर साहिबमधून अमृतपाल सिंग, दोघंही देशविरोधी कारवायांच्या आरोपावरून आत, एक तिहारात, दुसरा दिब्रुगडच्या जेलात, दोघंही प्रचाराला न फिरता जवळजवळ दोन-दोन लाखांच्या फरकानं निवडून आले. आमच्यातला एकजण टेबलावर हात आपटून म्हणाला, असल्यांना शपथेच्याच दिवशी सभागृहानं ठराव करून बाहेर काढायला पाहिजे होतं, कोर्टाची वाट कशाला बघायची. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मला ते पटलं नाही, आणि घरी येईपर्यंत डोक्यातून गेलं पण नाही, म्हणून इथं लिहायलोय.

आधीच सांगतो, त्या दोघांचं राजकारण मला अजिबात मान्य नाही. पण प्रश्न ते दोघं चांगले का वाईट हा नाहीच. प्रश्न हा की लोकांनी आत पाठवलेला माणूस बाहेर काढायचा हक्क शेजारच्या खुर्चीवर बसलेल्यांना का?

आपल्याच कर्नाटकातलं उदाहरण घ्या. नोव्हेंबर १९७८, चिकमगळूरची पोटनिवडणूक, इंदिरा गांधी विरुद्ध वीरेंद्र पाटील. आणीबाणी उठून दीडच वर्ष झालेलं, लोकांना सगळं माहीत होतं, तरी बाई सत्तर हजारांवर मतांनी निवडून आल्या. आणि १९ डिसेंबरला, म्हणजे दीड महिन्यात, लोकसभेनं त्यांची खासदारकी काढली, वर अधिवेशन संपेपर्यंत तिहारात ठेवलं. कशासाठी तर १९७५ मध्ये पंतप्रधान असताना संजय गांधींच्या मारुती कंपनीबद्दल लोकसभेत आलेल्या एका प्रश्नाची माहिती गोळा करणाऱ्या अधिकाऱ्यांना त्रास दिला म्हणून. माझे वडील इंदिराबाईंचे कट्टर विरोधक, आणीबाणीला शिव्या देणारे, पण ते सुद्धा म्हणायचे की हे चुकलं, चिकमगळूरच्या माणसांनी दिलेलं मत दिल्लीच्या माणसांनी फाडलं. पुढं १९८० ला बाई परत सत्तेवर आल्या आणि ७ मे १९८१ ला लोकसभेनं तो जुना ठरावच रद्द करून टाकला. म्हणजे बहुमत होतं तेव्हा काढलं, बहुमत बदललं तेव्हा चूक झाली म्हटलं. यात गुन्हा कुठं मोजला गेला, मोजली ती डोकीच.

आता हे आपल्यावर लावून बघा. कर्नाटक विधानसभेत २२४ आमदार. २०१३ ला महाराष्ट्र एकीकरण समितीचे, म्हणजे सीमाभाग महाराष्ट्रात जावा म्हणणाऱ्यांचे, दोन होते, २०१८ आणि २०२३ ला एकही नाही. उद्या एखादा आला आणि १ नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनेदिवशी, समितीच्या निषेधाच्या काळ्या दिनाच्या फेरीत चालला म्हणून कुणी ठराव आणला, तर त्याच्या बाजूनं हात वर किती येतील सांगा. म्हणून माझं म्हणणं, शिक्षा करायचीच तर निलंबित करा, वर्ष करा, दोन वर्षं करा, पण आमदारकी काढू नका.

निपाणीच्या बाई
वडगावकर भाऊ, तुमची काळजी कळते, मी पण मराठी शाळेतच आयुष्य काढलं. पण तुम्ही मत दिलं मत दिलं म्हणता तेव्हा मला आमच्या बूथवरच्या बायका दिसतात. आदल्या रात्री गल्लीत पाकिटं फिरतात, कुणाच्या घरात किती मतं हे वहीत लिहिलेलं असतं, आणि ज्याच्या माणसांनी मुलीला छळलं त्यालाच त्या मुलीच्या आईनं मत दिलेलं मी पाहिलंय, रांगेत माझ्या पुढंच उभी होती, डोक्यावर पदर ओढून, मान खाली. आता त्या मताला पवित्र म्हणायचं? आणि असा माणूस सभागृहात येऊन बसला तर शेजारच्या बाकावरच्या महिला आमदारानं काय करायचं, नमस्कार करायचा? सभागृहाला स्वतःची अब्रू आहे की नाही. शाळेत आम्ही एखाद्या मुलाला वर्गात घेतो ते शिकायला, वर्ग मोडायला नाही.

खानापूरचा वकील
भावनांचं बाजूला ठेवून थोडं कायद्याचं सांगतो, कारण इथं तीन वेगळ्या गोष्टी एका पातेल्यात पडायलेत.

पहिली, अपात्रता. ती घटनेत लिहिलेली आहे, खासदारांसाठी कलम १०२, आमदारांसाठी १९१, आणि लोकप्रतिनिधी कायदा. दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली की पद जातं, आणि २०१३ च्या लिली थॉमस निकालापासून लगेच जातं, अपिलाची सवलत राहिलेली नाही. पण खटला चालू आहे म्हणून जात नाही. म्हणून जेलात असलेला कच्चा कैदी उभा राहू शकतो, मात्र तोच माणूस मत देऊ शकत नाही. विचित्र वाटेल पण आहे तसं आहे. पक्षांतराचं दहावं परिशिष्ट पण यातच धरा.

दुसरी, हकालपट्टी. हा शब्द घटनेत कुठंच नाही. सभागृहाच्या विशेषाधिकारातून, कलम १०५ आणि १९४ मधून, हा अधिकार काढलेला आहे. डिसेंबर २००५ मध्ये प्रश्न विचारायला पैसे घेताना ११ खासदार छुप्या कॅमेऱ्यात सापडले, दहा लोकसभेचे, एक राज्यसभेचा, त्यांना काढलं. ते सुप्रीम कोर्टात गेले. १० जानेवारी २००७ ला राजाराम पाल प्रकरणात चार विरुद्ध एक असा निकाल लागला की सभागृहाला काढता येतं, पण ते बेकायदा किंवा वाईट हेतूनं केलं असेल तर कोर्ट बघणार. विरोधात मत देणारे न्यायमूर्ती रवींद्रन आपल्या कर्नाटकातलेच, त्यांचं म्हणणं असं की पद कशानं जातं त्याची यादी घटनेनं पूर्ण दिलेली आहे, सभागृहानं त्यात भर घालायची नाही.

तुमच्या मुद्द्याला सगळ्यात जवळचा निकाल २०१० चा. पंजाब विधानसभेनं २००८ मध्ये कॅप्टन अमरिंदर सिंग यांना काढलं, आरोप आधीच्या मुदतीतला, मुख्यमंत्री असताना अमृतसरच्या जमिनीचा. सुप्रीम कोर्टाच्या पाच जणांच्या घटनापीठानं ते रद्द केलं. आधीच्या सभागृहाच्या काळातलं, विधिमंडळाच्या कामात अडथळा न आणणारं कृत्य असेल तर त्यावरून आमदारकी काढता येत नाही, त्याला पोलीस आहेत, कोर्टं आहेत. हा निकाल १९७८ ला असता तर चिकमगळूरचं काय झालं असतं याचा विचार करा.

तिसरी, निलंबन, आणि इथं वडगावकर तुमचं साफ चुकतंय. जुलै २०२१ ला महाराष्ट्रात भाजपच्या १२ आमदारांना एक वर्षासाठी निलंबित केलं होतं. जानेवारी २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं ते रद्द केलं आणि सांगितलं की वर्षभराचं निलंबन हे हकालपट्टीपेक्षा वाईट. का? हकालपट्टी झाली तर जागा रिकामी होते आणि सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यावी लागते. निलंबनात जागा भरलेली दिसते, पण माणूस आत जाऊ शकत नाही, त्या मतदारसंघाला तोंडच नाही. आमदाराला शिक्षा म्हणता ती मतदाराला होते. निलंबन चालू अधिवेशनापुरतंच.

वडगावकर
वकीलसाहेब, हे मला माहीत नव्हतं. वाचून गप्प बसलो थोडा वेळ.

तुम्ही तोंडच नाही म्हणालात ना, ते मी भोगलंय म्हणून अंगावर आलं. २०११ ला काळ्या दिनाच्या फेरीत महापौर-उपमहापौर गेल्यावरून गदारोळ झाला आणि डिसेंबरात सरकारनं बेळगावची पालिकाच बरखास्त केली, २००५ ला एकीकरणाच्या ठरावानंतर झालं होतं तसंच. ५८ जणांचं सभागृह एका कागदानं घरी गेलं. त्याबद्दल मोर्चे निघाले, अग्रलेख आले, ते सगळ्यांना आठवत असेल. मला आठवतंय ते वेगळंच. आमच्या गल्लीतली गटार तुंबून घाण पाणी थेट नळाच्या खड्ड्यात शिरायचं. आठ-दहा दिवसांनी एकदा पाणी सुटायचं, आई पहाटे चारला उठून घागरी लावायची आणि पहिल्या दोन घागरी ओतून द्यायची, वास यायचा म्हणून. मी अर्ज घेऊन आमच्या जुन्या नगरसेवकाकडं गेलो. भला माणूस. त्यानं पॅड काढलं, पॅडवर नावाखाली छापलेलं नगरसेवक हे पेननं खोडलं, वर हातानं माजी लिहिलं, आणि सही करून दिलं. म्हणाला, घेऊन जा, पण आता माझ्या सहीला कोण विचारतंय. तो कागद घेऊन एका ऑफिसात तीन खेपा घातल्या. खिडकीवरचा माणूस वाईट बोलला नाही, उगाच कशाला खोटं सांगू, पण त्याला उत्तर द्यायची गरजच नव्हती, कारण त्याला विचारणारा माणूसच सभागृहात नव्हता. निवडणूक होईपर्यंत असंच.

तेव्हा माझं आधीचं म्हणणं मी मागं घेतो. वर्ष-दोन वर्षं निलंबन नको. खुर्ची रिकामी ठेवणं ही सगळ्यात मोठी शिक्षा आणि ती चुकीच्या माणसाला. काढायचंच असेल तर काढा आणि लगेच आम्हाला परत विचारा.

खानापूरचा वकील
फक्त एक बारकावा, पालिका बरखास्त करणं आणि सभागृहानं सदस्य काढणं कायद्यात वेगळं आहे. पहिल्यात वरचं सरकार हात घालतं, दुसऱ्यात सभागृह स्वतःच. पण मतदाराच्या बाजूनं बघितलं तर तुमच्या आईच्या घागरीला फरक पडत नाही, हे मान्य.

कागवाडकर
परत विचारा म्हणालात म्हणून आमचं सांगतो. जुलै २०१९ ला सभापती रमेशकुमारांनी पक्षांतरावरून १७ आमदार अपात्र ठरवले, त्यात आमच्या जिल्ह्यातलेच तीन, गोकाकचे रमेश जारकीहोळी, अथणीचे महेश कुमठळ्ळी आणि आमच्या कागवाडचे श्रीमंत पाटील. सभापतींनी वर हेही लिहिलं की २०२३ पर्यंत, म्हणजे त्या विधानसभेची मुदत संपेपर्यंत, निवडणूकच लढवायची नाही. सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबरात अपात्रता कायम ठेवली पण लढायची बंदी उठवली. डिसेंबरात पोटनिवडणूक झाली आणि तिघंही नव्या पक्षातून परत निवडून आले.

मी लई चिडलो होतो तेव्हा. ज्या चिन्हावर मत दिलं ते सोडून मुंबईला हॉटेलात जाऊन बसले याचा राग होता. उसाच्या तोडीचे दिवस, माणसं फडात, तरी मी गाडी काढून आईवडिलांना आणि शेजारच्या दोन म्हाताऱ्यांना बूथवर नेलं, आणि माझं मत त्यांच्या विरोधात टाकलं. हरलो. पण तुम्हाला खरं सांगू का, बोटाची शाई बघून राग निम्मा उतरला. मला विचारलं होतं आणि मी सांगितलं होतं, बाकीच्यांनी वेगळं सांगितलं. सभापतीनं परस्पर चार वर्षं त्यांना बंद ठेवलं असतं तर मी खूश झालो असतो, पण ज्यांना तेच हवे होते त्या माझ्या गावातल्या अर्ध्या लोकांना काय वाटलं असतं? सोसायटीत, डेअरीत रोज तोंडाला तोंड द्यायचं असतं आम्हाला.

घटप्रभा काठ
नमस्कार. माझी घरची भाषा कन्नड, बायको चंदगडची, त्यामुळं घरात दोन्ही चालतात. इथं वाचत असतो, लिहितो क्वचित. राग मानू नका पण तुम्ही सगळं समितीच्या चष्म्यातून बघता. आरसा फिरवून बघा. २००९ ला महाराष्ट्रात अबू आझमींनी हिंदीत शपथ घेतली म्हणून भर विधानसभेत मनसेच्या आमदारांनी अंगावर जाऊन मारलं. नवीन निवडून आलेलं सभागृह, शपथेचा दिवस. चौघांना चार वर्षांसाठी निलंबित केलं. तेव्हा इथल्या किती मराठी लोकांनी म्हटलं की बरोबर केलं? आणि घटनेचं कलम २१० वाचा, ज्याला राजभाषेत, हिंदीत, इंग्रजीत नीट बोलता येत नाही त्याला सभापतींच्या परवानगीनं मातृभाषेत बोलता येतं. ते कलम बंगळूरला मराठी आमदाराला लागतं तसंच मुंबईत दुसऱ्यालाही भाषेचा मान लागतो.

वडगावकर
राग कशाला येईल, बरोबर बोललात. त्या दिवशी आमच्या गल्लीत काहीजण खूश होते आणि मी त्यांना काही बोललो नाही, हे आज लिहितो. भाषेवरून माणसाला मारणं, ते पण शपथेच्या माइकपाशी, याला शिक्षा पाहिजेच होती. आणि इथं माझी रेघ पण स्पष्ट होते. ते सभागृहात, सभागृहाचे सदस्य म्हणून, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत केलेलं काम होतं. मतदारांनी मत देताना ते घडलेलं नव्हतं, म्हणजे मतदारांनी ते मान्य केलं असं म्हणता येत नाही. तसं झालं तर सभागृहाला हक्क आहे. पण चार वर्षं हे वकीलसाहेबांच्या हिशेबानं चुकीचंच, चार मतदारसंघ मुके.

आणि आपल्याकडं पण झालंच की, मार्च २०२५ ला भाजपच्या १८ आमदारांना सभापतींच्या आसनावर चढून कागद फेकले म्हणून सहा महिन्यांसाठी बाहेर ठेवलं, दोन महिन्यांत मागं घेतलं. मागं घेतलं ते चांगलं केलं, पण मुळात सहा महिने हा आकडा आला कुठून?

पुण्यातला बेळगावकर
थोडी भर घालतो. अमेरिकेत काढायचं असेल तर दोन तृतीयांश मतं लागतात. जॉर्ज सँटोस नावाचा नवीन निवडून आलेला सदस्य, स्वतःचं शिक्षण, नोकरी सगळं खोटं सांगून आला, त्याला डिसेंबर २०२३ ला ३११ विरुद्ध ११४ नं काढलं, म्हणजे त्याच्या स्वतःच्या पक्षाच्या शंभरावर लोकांनी पण हात वर केला. आणि फेब्रुवारीत तिथं पोटनिवडणूक झाली पण. त्याच महिन्यात, ८ डिसेंबर २०२३ ला, आपल्याकडं लोकसभेनं तृणमूलच्या महुआ मोइत्रांना आवाजी मतदानानं काढलं, आणि २०२४ च्या जूनमध्ये कृष्णानगरनं त्यांना परत पाठवलं. मधले सहा महिने तिथं खासदारच नव्हता. आवाजी मतदान! कुणी हो म्हटलं, कुणी नाही म्हटलं, त्याची नोंद सुद्धा नाही. एवढ्या मोठ्या शिक्षेला नावासकट मोजणी नको?

मला वाटतं आपली पद्धत सुरुवातीला जास्त जपून होती. १९५१ ला हुच्चेश्वर मुदगल यांनी मुंबईच्या सराफा व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून पैसे घेतल्याचं आलं, स्वतः नेहरूंनी समिती नेमायचा ठराव आणला, स्वतःच्याच पक्षाचा माणूस, मुदगलना वकील दिला, साक्षी झाल्या, महिनोन् महिने चाललं. शेवटी ठरावावर मत व्हायच्या आत त्यांनी राजीनामा दिला.

निपाणीच्या बाई
तुम्ही सगळे पुरुष माणसं मोठमोठे निकाल सांगायलात आणि मी वाचायलेय, शिकायलेय सुद्धा. पण माझा प्रश्न तिथंच आहे. ज्या माणसाबद्दल मतदाराला माहीत होतं पण भीतीनं मत दिलं, त्याचं काय? अमरिंदर सिंगचा निकाल म्हणतो जुनं काढू नका. मग ती आई कुठं जाणार?

खानापूरचा वकील
बाई, खरं उत्तर देतो. सभागृहाकडं नाही, कोर्टाकडं. आणि कोर्ट वेळेवर चाललं तरच. सुप्रीम कोर्टानं मार्च २०१४ मध्ये सांगितलेलं आहे की आमदार-खासदारांवरच्या अशा गंभीर खटल्यांत आरोप निश्चित झाल्यापासून एका वर्षात खटला संपवा. बंगळूरला त्यासाठी खास कोर्ट पण आहे. एका वर्षात निकाल लागला आणि दोन वर्षांवर शिक्षा झाली तर तो माणूस त्याच दिवशी आमदार राहत नाही, ठराव नको, बहुमत नको, पक्षाची दया नको. मी कोर्टात रोज उभा राहतो, तारखा कशा पडतात ते मला ठाऊक आहे, त्यामुळं तुमची चीड खोटी म्हणणार नाही. पण विचार करा, त्याच माणसाचा पक्ष सत्तेत असेल तर सभागृह त्याला काढेल का? फार क्वचित. सभागृहाच्या हकालपट्टीत सापडतो तो बहुतेक वेळा विरोधी बाकावरचा. १९७६ ला राज्यसभेनं सुब्रमण्यम स्वामींना काढलं, १९८६ ला तामिळनाडूत हिंदीविरोधात घटनेच्या प्रती जाळल्या म्हणून द्रमुकच्या १० आमदारांची आमदारकी गेली, बघा कोण कुठं बसलं होतं.

निपाणीच्या बाई
हे शेवटचं मला पटलं. कमकुवताच्या हातात ते हत्यार कधी येतच नाही, हे शाळेत पण बघितलंय. तरी एक राहतं. खटला चालू असताना त्या माणसाला महिला-बालकल्याणाच्या समितीवर बसवू नका, मंत्री करू नका, व्यासपीठावर हार घालू नका. यासाठी कुठलं कलम लागत नाही. आणि वडगावकर, तुम्ही मतदाराचा मान म्हणता, तर पाकिटं वाटणाऱ्याबद्दल पण तेवढ्याच जोरात लिहा.

वडगावकर
लिहीन बाई, आणि तुमच्या रांगेतल्या त्या आईबद्दल वाचल्यावर मी लोकांना सगळं माहीत होतं हे वाक्य इतक्या सहज परत वापरणार नाही. माहीत असणं आणि मोकळेपणानं ठरवणं एक नाही.

तरी माझा चहाच्या टेबलावरचा नकार कायम आहे. मत द्यायच्या आधीच्या गोष्टीसाठी सभागृहानं काढायचं नाही, ते कोर्टाचं काम. आत आल्यावर पैसे घेतले, मारामारी केली, तर काढा, पण नावासकट मोजून, दोन तृतीयांशानं, आणि पोटनिवडणुकीची तारीख लांबवायची नाही. पक्षबदलूंचं कागवाडकरांनी सांगितलंच.

डिसेंबरात हलग्याच्या सुवर्णसौधात विधानसभेचं अधिवेशन भरेल तेव्हा दरवर्षीसारखं व्हॅक्सिन डेपोवरच्या समितीच्या महामेळाव्याला परवानगी मिळते का नाही यावरच सगळी चर्चा होईल. वकीलसाहेब, तुम्हाला वेळ असेल तर या मोजणीच्या आणि दोन तृतीयांशाच्या मुद्द्यावर एक निवेदन करूया का? कन्नड आणि मराठी दोन्हीत. कन्नडमधलं घटप्रभाकाठच्या भाऊंनी बघितलं तर बरं होईल, माझं कन्नड बाजारापुरतंच आहे. हलग्यापर्यंत सोडत नाहीत अधिवेशनात, पण आपापल्या आमदाराच्या घरी नेऊन देता येतं.

घटप्रभा काठ
पाठवा की. रविवारी बसतो. आमच्या आमदाराकडं मी स्वतः घेऊन जातो.

खानापूरचा वकील
मसुदा शनिवारपर्यंत देतो. एक पान, जास्त नाही. जास्त असलं की वाचत नाहीत. आणि कलम २१० पण त्यात घालतो, मातृभाषेत बोलायची परवानगी हा मुद्दा दोन्हीकडच्यांना चालेल.